फळीखालची खाट

सकाळपासून वारा एकाच दिशेने वाहत होता आणि खडीच्या ढिगावर बसलेल्या दोघींच्या अंगावर दगडाची पिठी चढत होती. सासूच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, सुनेच्याही. पिठीने दोघींचे वय एक करून टाकले होते. डाव्या हातात जुन्या टायरची कापलेली कडी, कडीच्या आत दगड, उजव्या हातात आखूड दांड्याचा हातोडा. कडी दगडाला पळू देत नाही. तो फुटला की कडी उचलायची, तुकडे बाजूला लोटायचे, दुसरा दगड आत ढकलायचा. या कामात बोलायला जागा नसते. तोंड उघडले की पिठी आत जाते. तरी सून अधूनमधून बोले. बोलली नाही तर सासू कुठेतरी निघून जाईल, अशी भीती तिला अलीकडे वाटू लागली होती.

"आई, पोर आज शांत आहे, नाही?"

"हूं."

पोर पाण्याच्या पिंपाच्या सावलीत, टोपलीत निजली होती. तिच्या तोंडावरचे फडके श्वासागणिक हलत होते.

समोर खाण होती आणि खाण बंद होती. वरचे थर कधीच संपले होते. चांगला निळा दगड उरला होता तो सगळ्यांत खालच्या टप्प्यावर, आणि त्या टप्प्याच्या डोक्यावर कडा पुढे झुकून आला होता. कंपनीला तिथे काम सुरू करायचे होते. जायचे की नाही, हे कामगारांच्या संघटनेने ठरवायचे होते. संघटना म्हणजे बरेचसे अप्पाच, सुनेचे सासरे. पण ठरवायच्या दिवशी, कुणी यायच्या आत, अप्पा हातोडा घेऊन एकटेच त्या कड्याखाली गेले. कडा सगळा आला नाही. एकच तुकडा आला. तेवढा पुरला.

तेव्हापासून खाण बंद, क्रशर बंद, क्रशरवर काम करणारा अप्पांचा मुलगा घरी. चूल चालत होती ती दोघींच्या हातोड्यांवर. क्रशर थांबला तरी रस्त्याला खडी लागतच होती.

दुपार कलली तेव्हा दोन माणसे उतारावरून खाली येताना दिसली. एक संघटनेचा सेक्रेटरी. त्याच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि तिच्या जागी दोरा होता. दुसरा ड्रिलवरचा लांबसडक माणूस. खाणीत त्याला सगळे उंट म्हणत आणि तोही त्या हाकेला ओ देई.

"वहिनी," सेक्रेटरी म्हणाला, "रविवारी शोकसभा ठेवलीय, शेडमध्ये. तुम्ही यायला हवं."

सासूने हातोडा थांबवला नाही. "मी येऊन काय करू? तुम्ही करा भाषणं. ज्याच्यासाठी करताय तो ऐकायला नाही. बाकीच्यांची सोय होईल, सावलीत बसायला मिळेल."

उंट फस्सकन हसला आणि हसल्याबरोबर त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारला. "माफ करा, वहिनी. पण हे अगदी रेडिओ बोलल्यासारखं झालं."

"कोण रेडिओ?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"म्हणजे... आपला... तुमचे हे."

आता हातोडा थांबला. "ह्यांना रेडिओ म्हणत होतात?"

"बंदच व्हायचा नाही ना," उंट म्हणाला. "माझं ड्रिल चालू असलं तरी ह्याचं चालू. मी म्हणायचो, अरे, मला ऐकू येत नाही. तर म्हणायचा, तू काम कर, मी दगडाला सांगतोय."

तिने सुनेकडे पाहिले. सूनही बावचळली होती. या घरात येऊन दोन वर्षे झाली तरी सासऱ्याचा आवाज नेमका कसा होता हे तिला आठवून पाहावे लागले असते. अप्पा संध्याकाळी येत, दाराशी वाकून बुटांचे बंद सोडत, हातपाय धूत आणि भिंतीला पाठ लावून बसत. "पाणी," म्हणत. ताट पुढे आले की जेवत. जेवण चांगले झाले असेल तर ताट जरा लवकर रिकामे होई, इतकाच त्यांचा अभिप्राय. घरात बोलायची ती सासू. दोघांचे मिळून बोलायची.

"तुम्ही चुकीच्या घरी आलात," सासू म्हणाली. "आमचा माणूस मुका होता."

"मुका?" उंटाने उकिडवे बसून गुडघ्यांवर कोपरे ठेवली. "वहिनी, तुमच्या मांजरानं पातेल्यात डोकं घातलं आणि पातेल्यासकट गल्लीभर फिरलं, ते आम्हाला तोंडपाठ आहे. तुम्ही झाडू घेऊन मागं, 'पातेलं सोड माझं, तू जा कुठं जायचं ते!' हसून हसून एकदा सुरुंगवाल्याच्या हातातली वात खाली पडली. पेटवलेली नव्हती म्हणून बरं."

सून हसली. सासू हसली नाही. ते मांजर फार जुने होते, मुलगा लहान असतानाचे. त्या दिवशी अप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती. त्यावरून ती त्यांच्यावर उखडलीही होती. आता तिला वाटले, आपल्या घराची एक भिंत कायम काचेची होती आणि ते आपल्याला कुणी सांगितले नाही.

"अजून काय काय सांगितलं?"

"सगळंच," उंट म्हणाला. मग काहीतरी चुकले हे त्याच्या ध्यानात आले. "म्हणजे चांगलंच. नेहमी चांगलंच."

सेक्रेटरीने घसा साफ केला. "वहिनी, एक विचारायचं होतं. रेडिओ कुठलीच गोष्ट जागेवर ठरवत नसे. 'थांबा, घरी विचारून येतो,' म्हणायचा. आम्ही समजायचो, गंमत करतोय. पण दुसऱ्या दिवशी त्याचं ठरलेलं असायचं. पाण्याची टाकी आठवते? कंपनीनं कबूल केली मोठी आणि आणून ठेवली अर्धी. निम्मे म्हणत होते, परत पाठवा. निम्मे म्हणत होते, मिळाली ती घ्या. हा सकाळी येऊन म्हणाला, 'अर्धी ठेवून घ्यायची, आणि उरलेली अर्धी येईपर्यंत साहेबाच्या दारात जाऊन बसायचं.' बसलो. आली टाकी."

तिच्या हातातली कडी खाली पडली.

पीठ. तिला पीठ आठवले. एका संध्याकाळी अप्पांनी, कधी नव्हे ते, तोंड उघडून विचारले होते, "समजा, शेजारणीनं वाटीभर पीठ नेलं आणि आणून दिलं अर्धी वाटी, तर तू काय करशील?" तिने भांडी घासता घासता उत्तर दिले होते, "अर्धी ठेवून घेईन आणि उरलेल्या अर्धीसाठी तिच्या दारात जाऊन बसेन. कोण ती? नाव सांगा." अप्पांनी नाव सांगितले नव्हते. ती मात्र पुढचे कितीतरी दिवस दोन्हीकडच्या शेजारणींकडे संशयाने पाहत राहिली होती.

वर्षातून दोन-चारदा येणारे असले 'समजा'. ती समजत होती, म्हाताऱ्याच्या डोक्यात खूळ शिरले आहे.

"त्या संध्याकाळी," सेक्रेटरीने आवाज खाली आणला, "आदल्या दिवशी, त्यानं तुम्हाला काही विचारलं होतं का? कंपनी म्हणते, तो हातोडा घेऊन गेला म्हणजे कामालाच गेला, म्हणजे संघटनेचा होकार होता. आपल्यातही दोन तट पडलेत. ऐकायचं आहे ते सगळ्यांना त्याचंच. पण तो सांगायच्या आत..."

वाऱ्याने टोपलीवरचे फडके उडाले. सून धावली. तेवढ्यात सासूने दगड पुन्हा कडीत ढकलला.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही विचारलं."

पण विचारले होते. हातोडा मारता मारता ते तिला शब्दनशब्द ऐकू येऊ लागले.

ती करपलेले पातेले घासत होती. सून मागे सरपण गोळा करत होती. पोर खाटेवर निजली होती, आणि खाटेच्या वर, भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर जाड लाकडी फळी होती. फळीवर लोखंडी पेटी, पेटीत घरातले सगळे जड सामान. अप्पांनी तिकडे बराच वेळ पाहिले.

"समजा, ती फळी," ते म्हणाले. "तिच्याखाली पोरीला निजवायचं का?"

"निजलीच आहे की. इतकी वर्षं पडली नाही, आताच बरी पडेल! बसून बसून सुचतं तुम्हाला काहीतरी. सरका, मला पाण्याला जाऊ द्या."

अप्पांनी मान हलवली होती. आणि ती घागर घेऊन नळावर गेली होती.

संध्याकाळी मुलगा ओट्यावर बसून हातोड्याला दांडा बसवत होता. दांडा नवा नव्हता, अप्पांचा होता. खाणीत हातोड्याचे लोखंडी डोके कंपनीचे आणि दांडा ज्याचा त्याचा, अशी रीत होती. माणूस गेला की डोके स्टोअरमध्ये जमा होई आणि दांडा घरी येई. अप्पांच्या दांड्यावर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. मुलगा तिथे अंगठा ठेवून पाहत होता. बसत नव्हता. त्याचा अंगठा लांब होता.

"तो कशाला काढलास?" सासूने विचारले.

"रविवारी सभेत हात वर होतील, सोमवारी काम सुरू होईल. क्रशर चालायला दगड पाहिजे, दगड फोडायला माणसं पाहिजेत. मी खालच्या टप्प्यावर नाव दिलंय."

"कड्याखाली?"

"मग कुठं? घरात बसून तुमच्या दोघींच्या हातोड्यांवर जेवू?" त्याने पाचर ठोकली. "आणि अप्पा तयारच होते. नाही म्हणायचं असतं तर तिथं पाय ठेवला असता का?"

"तुला काय माहीत ते तयार होते?"

"तुला काय माहीत ते नव्हते?"

तिला सांगायचे ते एकच होते: माझ्या तोंडून होकार गेला, तोच तुझ्या बापाने उचलला आणि तोच त्याच्या डोक्यावर पडला. हे सांगितले तर मुलाचे म्हणणे खरे ठरत होते. तो सोमवारी कड्याखाली जाणार होता. नाही सांगितले तरी जाणारच होता.

"त्यांना रेडिओ म्हणायचे, हे तुला ठाऊक होतं?"

मुलगा ओशाळला. "सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला वाटलं, तुलाही असेल. घरी मी एकदा ते नाव काढलं तर अप्पांनी असे डोळे वटारले..." त्याने दांड्यावरची धूळ पुसली. "शेडच्या भिंतीवर लिहिलंय ना, 'मागायचं तर उभं राहून मागा', ते त्यांचंच. कंपनीच्या मोठ्या साहेबासमोर बोलले होते."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ते वाक्य तिचे होते. अप्पा दाराशी वाकून बंद सोडत होते, वाकल्या वाकल्याच त्यांनी पाणी मागितले, आणि ती दिवसभराच्या कामाने वैतागलेली होती. "मागायचं तर उभं राहून मागा, वाकून काय मागता!" इतकेच. त्यात ना हक्क होता, ना लढा. होता तो कंबरदुखीचा त्रागा. आणि तो आता पत्र्याच्या शेडवर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत उभा होता.

हा माणूस आपले बोलणे नेऊन बाहेर वाटत होता. का? आपले मोल वाटत होते म्हणून, की त्याच्याजवळ स्वतःचे काही नव्हते म्हणून? तिला राग यायला हवा होता, किंवा रडू. दोन्हींपैकी काय येते आहे हे कळेना. इतकी वर्षे ज्याच्या शेजारी झोपलो तो माणूस दिवसा कुणीतरी दुसराच होता. आणि त्या दुसऱ्यात आपणच होतो, त्याच्या तोंडातून बोलत. मग भिंतीला टेकून बसायचा तो कोण?

दुसऱ्या दिवशी खडी मोजणारा आला. त्याच्याजवळ वरखाली उघडी अशी लाकडी पेटी असे. पेटी भरली की तो तिला लाथ मारून हलवी, खडी खाली बसे, मग वर आणखी भरायला लावी. आज त्याने ढिगातला एक तुकडा उचलून डोळ्यांसमोर धरला.

"मोठी आहे."

"रोजचीच आहे," सून म्हणाली.

"मोठी आहे म्हटलं ना. अर्धा ढीग पुन्हा फोडा." त्याने बुटाच्या टोकाने ढीग उधळला. खडी घरंगळत टोपलीपर्यंत गेली.

सासू वाकून खडी गोळा करू लागली. वाकल्यावर तिला ते वाक्य आठवले, तिचे स्वतःचे, आणि ती तशीच अर्धवट वाकलेली राहिली. उभे राहावे तर काय बोलायचे सुचत नव्हते. वाकलेले राहावे तर लाज वाटत होती. आजवर ती शेजारणीशी, नळावर, दुकानात बेधडक भांडली होती. पण आता आपण उघडलेल्या तोंडातून कुठला शब्द कुणाच्या डोक्यावर जाऊन पडेल, याचा नेम राहिला नव्हता. ती काही न बोलता खडी गोळा करत राहिली. मोजणाराही चक्रावला. त्याने तिच्याकडून दोन-चार शिव्यांची तयारी ठेवली होती.

"बरं नाही का तुमच्या सासूला?" त्याने जाता जाता सुनेला विचारले.

रविवारी दुपारी सून पोरीला पाजत खाटेवर बसली होती आणि सासू घर झाडत होती. मातीची जमीन, झाडू फिरला की तिच्यावर बारीक रेघा उमटत. फळीखालचा कोपरा तिने झाडला आणि झाडू चार ठिकाणी अडखळला. चार खळगे होते, वाटीएवढे, कडा घासून गुळगुळीत झालेले. रोज ती त्यांतली धूळ बोटांनी काढत होती. आज तिचे बोट त्यातल्या एका खळग्यात तसेच राहिले.

हे खाटेच्या पायांचे खळगे होते. खाट मात्र समोरच्या भिंतीला होती.

अप्पा गेले त्या दिवशी घर माणसांनी भरले होते. कुणी पेटी सरकवली, कुणी पिंप. खाटही त्यातच हलली असेल, असे तिने गृहीत धरले होते. आदल्या संध्याकाळी ती नळावरून परतली तेव्हा अंधार झाला होता, तिचे तिकडे लक्षच गेले नव्हते.

"ही खाट तिकडं कुणी नेली?"

"अप्पांनी," सून म्हणाली. "तुम्ही नळावर गेला होतात ना, त्या संध्याकाळी. मी सरपण घेऊन आत आले तर एका हातानं पोरीला छातीशी धरलंय आणि दुसऱ्या हातानं खाट ओढतायत. मी म्हटलं, मी ओढते. तर म्हणाले, 'तिकडं वारा लागेल तिला.'"

"तिकडं कुठला वारा? तिकडं खिडकी कुठाय?"

"मीही तेच म्हटलं मनात. पण अप्पा बोलले हेच इतकं झालं की मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल." सुनेने पोरीला खांद्यावर घेतले. "का हो आई?"

सासू खाली बसली. झाडू मांडीवर आडवा.

"मी उलटं सांगितलं होतं," ती म्हणाली.

शेडमध्ये माणसे दाटीने बसली होती. पत्रे तापले होते आणि वास येत होता घामाचा, तेलाचा, ओल्या दगडाचा. मागच्या भिंतीवर तिचे वाक्य होते. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

बोलणारे बोलले. सेक्रेटरी कागदावरून बोलला आणि चष्मा घसरल्यामुळे दोनदा तीच ओळ वाचून गेला. सुरुंगवाला म्हणाला, त्याची बायको बाळंत होणार होती तेव्हा रेडिओने त्याला हाताला धरून खाणीबाहेर काढले होते: "सुरुंग उद्याही फुटेल, पोर आजच होणार." सगळे हसले. ती दचकली. तेही तिचेच होते. फक्त तिच्या वाक्यात सुरुंगाच्या जागी कपडे धुणे होते.

मग उंट उठला. शेडच्या तुळईला डोके लागू नये म्हणून तो मान तिरकी करून उभा राहिला.

"मला भाषण येत नाही. कामाची सुट्टी झाली की आम्ही नाक्यावर बसायचो, हा कधी बसला नाही. संघटनेची मीटिंग ऐन रंगात आली असली तरी उजेड आहे तोवर उठायचा. मी एकदा चिडवलं, 'बायकोला घाबरतोस काय रे?' तर म्हणाला, 'बाबा, मी नुसता डबा आहे. स्टेशन घरी आहे.' मला वाटलं, विनोद आहे. मी हसलो." आणि तो मान तिरकी ठेवूनच खाली बसला.

पुढच्या रांगेतला एक जाडजूड कामगार, जो सुरुवातीपासून काम सुरू करा म्हणत होता, म्हणाला, "हे सगळं ठीक आहे. माणूस सोन्यासारखा होता. पण आमच्या घरी पोरं आहेत. त्याचं काय ठरलं होतं, तेवढं कुणी सांगेल का?"

सेक्रेटरीने मान खाली घातली.

ती उठली. गुडघे वाजले. मुलगा दाराजवळ, पाय पसरून बसला होता. अप्पांचा दांडा त्याच्या मांडीवर होता.

"मी खोटं बोलले," ती सेक्रेटरीला म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं. आमच्या घरात भिंतीत एक फळी आहे, तिच्यावर जड पेटी. तिच्याखाली खाट, खाटेवर नात. मला म्हणाले, तिच्याखाली पोरीला निजवायचं का? मी म्हटलं, निजवायचं. इतकी वर्षं पडली नाही, आता काय पडते." 

जाडजूड कामगाराने सुस्कारा टाकला. "म्हणजे होकारच."

"माझा होकार. मला कुठं ठाऊक होतं तुमचा कडा आमच्या घरात येऊन बसलाय ते? मला सांगितलं असतं तर मी नीट विचार केला असता. निदान पातेलं तरी खाली ठेवलं असतं." कुणीतरी हसले आणि गप्प झाले. "मी होकार दिला आणि पाण्याला गेले. परत आले तोवर ह्यांनी खाट ओढून समोरच्या भिंतीला लावली होती. पोरीला छातीशी धरून, एका हातानं. माझं ऐकलं नाही. आयुष्यात एकदाच ऐकलं नाही. मला ते आज कळलं, झाडताना."

"मग तो स्वतः का गेला तिथं?" जाडजूड कामगाराचा आवाज आता खाली आला होता. "खाट काढायची होती, तर स्वतः का गेला?"

तिला खरोखर उत्तर शोधायचे होते. अप्पा हातोड्याने दगड वाजवून पाहत. चांगला दगड खणखणतो, पोकळ दगड दबका बोलतो. तेवढ्यासाठी गेले असतील. तिच्या होकाराची शहानिशा करायला गेले असतील. की पोटाला चिमटा घेऊन बसलेल्या माणसांसमोर रिकाम्या हाताने नाही म्हणायची लाज वाटली असेल? एक उत्तर उचलले की दुसरे खालून सरकत होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "घरी असते तर विचारलं असतं. आणि त्यांनी सांगितलं नसतं."

ती खाली बसली.

सेक्रेटरीने चष्मा पुसला. "खालच्या टप्प्यावर जायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

काही हात वर गेले. कुणी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिले नाही. त्या हातांच्या मागच्या चुली सगळ्यांना ठाऊक होत्या. जाडजूड कामगाराने हात अर्धा उचलला, मग त्याच हाताने मान खाजवली. ती मात्र एकाच हाताकडे पाहत होती. मुलाचा अंगठा दांड्यावरच्या खळग्यात होता. बसत नव्हता, तरी त्याने तो दाबून बसवला होता. तो हात वर गेला नाही.

परत येताना तिघे एका रांगेत चालत होते. सोमवारी काम सुरू होणार नव्हते. पुन्हा खडी होती, पुन्हा तो पेटीवाला. घरी आल्यावर तिने दिवा लावायच्या आतच मुलाला म्हटले, "ती फळी काढ."

पेटी दोघांनी मिळून उतरवली. मुलाने फळी उचलून बाजूला ठेवली आणि खुंटी हातात धरून ओढली. खुंटी आली नाही. त्याने पाय भिंतीला लावून ओढली. मग अप्पांचा दांडा बसवलेला हातोडा आणला आणि खालून वर, वरून खाली घाव घातले. भिंतीची माती झडली, पोर जागी होऊन रडू लागली, सून तिला घेऊन बाहेर गेली. खुंटी हलेना. घाव घालणाऱ्याच्या कपाळावरून घाम गळला तेव्हा कुठे ती बोटभर सैल झाली.

मुलगा धापा टाकत थांबला. "आई, ही पडली नसती गं. माझ्या म्हातारपणापर्यंत पडली नसती."

ती पुढे झाली आणि तिने खुंटीवर हात ठेवला. खुंटी गरम झाली होती. म्हणजे मी बरोबर बोलले होते, तिच्या मनात आले. या भिंतीपुरते मी अगदी बरोबर बोलले होते. या विचाराने तिला हायसे वाटायला हवे होते.

"समजा," ती म्हणाली आणि थबकली, कारण तो शब्द तिने स्वतःच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "समजा, फळी घट्टच आहे हे तुला ठाऊक असतं. तर तू खाट हलवली असतीस?"

मुलाने हातोडा खाली ठेवला. भिंतीकडे पाहिले, जमिनीतल्या चार खळग्यांकडे पाहिले. त्याने उत्तर दिले नाही. त्या न बोलण्यात अप्पा इतके होते की ती चटकन बाजूला सरकली.

"खाट परत इकडं आणू?" त्याने शेवटी विचारले. "फळी तर काढली."

"नको," ती म्हणाली. "आहे तिथंच असू दे."